वकिलाच्या ऑफिसात रुजू होण्याआधी तिथलं वातावरण कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यातून एलएलबी झालं, सनद मिळून दीड वर्ष झालं, सध्या कोरेगावला एका वकिलांकडे ज्युनियर आहात. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक पुण्याची लॉ फर्म, जी कोल्हापूरला नवं ऑफिस उघडते आहे आणि महिना पंचवीस हजार देते म्हणते. दुसरे साताऱ्यातले एक जुने दिवाणी वकील. ते दहा हजार देणार आणि म्हणतात, "शिकायला भरपूर मिळेल." दोन्हीकडचं आतलं वातावरण कसं आहे हे होकार देण्याआधी कसं शोधायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सातारा जिल्हा न्यायालयात तेवीस वर्षं प्रॅक्टिस करते आहे. त्यातली पहिली दोन वर्षं मी न विचारता, न बघता धरलेल्या ऑफिसात गेली. गेली बारा वर्षं माझ्याकडे ज्युनियर येतात, म्हणजे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण फर्मचं लेटरहेड बघून ती विसरायला होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ४९ व्या नियमाप्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला कुणाचाही पूर्ण वेळ पगारी नोकर होता येत नाही. म्हणून फर्ममधला 'असोसिएट' बहुधा रिटेनरवर, म्हणजे नोकरीऐवजी ठरलेल्या मासिक फीवर असतो. हातात येते ती व्यावसायिक फी, त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची रजा समोरच्याच्या समजूतदारपणावर. साताऱ्याच्या वकीलसाहेबांकडे तर कागदच नसेल. नोकरदार माणसाला ऑफिस वाईट निघालं तरी कायद्याचा थोडा आडोसा असतो, आपल्याला तो फारसा नाही. आपला आडोसा म्हणजे ऑफिस चालवणाऱ्या माणसाचा स्वभाव आणि आधी लिहून घेतलेल्या चार ओळी. वातावरणाची चौकशी करणं म्हणजे चोखंदळपणा असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

इंटरनेटवरच्या ताऱ्यांवर वेळ घालवू नका. वकिलांच्या ऑफिसला तारे देणारे बहुतेक पक्षकार असतात, आणि दावा जिंकला की पाच तारे, हरला की एक. लिंक्डइनचा मात्र एक उपयोग आहे. फर्मच्या नावाखाली आजी आणि माजी असोसिएट शोधा आणि कोण किती महिने टिकलं ते कागदावर मांडा. चार-पाच जण वर्षाच्या आत बाहेर पडलेले दिसले तर ती खूण आहे. तिचा अर्थ काय, तो पुढे माणसांकडून कळेल.

त्याहून मोठं साधन आपल्या रोजच्या हातातलं आहे, ते म्हणजे ई-कोर्ट्स, कोर्टातल्या प्रकरणांची माहिती देणारं सरकारी संकेतस्थळ. आपण ते पुढची तारीख बघायला वापरतो, सीनियर बघायला वापरत नाही. सातारा जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, वकिलाच्या नावाने शोध घ्या. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, कारण नोंदी करणाऱ्यांनी एकाच माणसाला तीन माणसं केलेलं असतं. यादी आली की आकडा बघून दिपून जाऊ नका. प्रकरणं कसली आहेत ते बघा: वाटप, मनाई, दरखास्त (निकालाची अंमलबजावणी), मोटार अपघात, चेक बाउन्स. तुम्हाला दिवाणी शिकायचं असेल आणि यादी चेकच्या केसेसनीच भरलेली असेल तर तुम्ही शिकणार काय, ते तिथेच दिसतं. मग दहा-पंधरा प्रकरणांच्या तारखा उघडून त्या दिवशी काय झालं ते वाचा. याच ऑफिसच्या तहकुबीच्या, म्हणजे तारीख पुढे मागायच्या, अर्जांवर कोर्टाने खर्च बसवलाय का? साक्षीदार हजर असताना उलटतपासाला कुणी उभंच राहिलं नाही, 'नो क्रॉस' झाला, असं वरचेवर दिसतं का? ज्या ऑफिसात कामाचा ताळमेळ नाही तिथे रात्री नऊला फोन येतो आणि सकाळी अकराला ज्युनियर कोर्टापुढे शरमेने उभा राहतो. रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीच्या, त्या दोन ओळींमागे कुणीतरी ज्युनियर असतो हे ध्यानात ठेवून वाचा.

खालच्या कोर्टाच्या नोंदीत ज्युनियरचं काम दिसत नाही, तिथे वकीलपत्रावरचं नाव चढतं. उच्च न्यायालयाच्या आदेशांत मात्र कोण कुणासाठी हजर होतं त्यांची नावं वरच छापलेली असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर या फर्मचे आदेश काढा. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून बसतं आहे आणि सातारा, सांगली त्याच्याच अखत्यारीत आलं आहे, तेव्हा तिथले आदेशही बघा. भागीदाराच्या नावासोबत ज्युनियरचं नाव येतं का? तेच नाव वर्षभर येतं, की दर तीन महिन्यांनी नवं येतं? नाव सांगायला काही पडत नाही, शिरस्तेदाराला (कोर्टातल्या कर्मचाऱ्याला) एक चिठ्ठी द्यावी लागते. ती जे देत नाहीत ते श्रेय वाटत नाहीत, असं मी सरळ धरते. यात माझी चूक फार क्वचित झाली.

आता कोर्टात या. साताऱ्यातल्या वकीलसाहेबांसाठी तीन दिवस काढा. सकाळी पुकारा सुरू व्हायच्या वेळी ते ज्या कोर्टात असतील तिथे मागच्या बाकावर बसा. ऐनवेळी फाइलमधला कागद सापडत नाही, असा क्षण येतोच. तेव्हा ते ज्युनियरकडे कसे बघतात, आवाज किती चढतो, पक्षकारादेखत काय बोलतात ते बघा. कोर्टाबाहेर आल्यावर ते ज्युनियरला बाजूला घेऊन सांगतात, की व्हरांड्यात सगळ्यांसमोर? रागावणारे सगळेच वाईट नसतात. माझ्या नंतरच्या सीनियर मॅडम खूप रागवायच्या, पण ऑफिसचं दार लावून, आणि चहा झाला की तो विषय संपलेला असायचा.

पक्षकारांकडेही बघा. माणमधून किंवा पाटणच्या वरच्या खोऱ्यातून पहिल्या एसटीने आलेला म्हातारा संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या बाकावर बसून राहतो का, की कुणी त्याला दहा मिनिटांत सांगतं, "आबा, आज काम होणार नाही, अमुक तारखेला या"? ज्याच्याकडून उद्या काही मिळणार नाही त्याच्याशी वकील जसा वागतो, तसाच तो तुमच्याशी तिसऱ्या महिन्यापासून वागेल. मी ज्युनियरांना हेच सांगते आणि स्वतःलाही ते लावून बघते.

ऑफिसच्या कारकुनाला भेटा. ते साहेबांविरुद्ध एक अक्षर बोलणार नाहीत, बोलावं अशी अपेक्षाही करू नका. "किती वर्षं आहात?" आणि "काल घरी किती वाजता गेलात?" एवढं विचारा. कारकून पंधरा-वीस वर्षं टिकून असेल तर त्या ऑफिसात निदान पैसे वेळेवर मिळतात आणि माणसाला माणूस समजतात. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे आणि टायपिस्टकडेही नुसतं उभं राहून बघा. महिन्याचं बिल कुणाचं थकतं ते त्यांना पाठ असतं. झेरॉक्सचे आठशे रुपये जो तीन महिने देत नाही, तो ज्युनियरचे दहा हजार एक तारखेला देईल हे संभवत नाही.

सगळ्यात खरी माहिती मात्र ऑफिस सोडून गेलेल्यांकडे असते. त्यांना शोधणं साताऱ्यात अवघड नाही. बार रूममध्ये विचारा, आपल्या लॉ कॉलेजच्या वरच्या बॅचना विचारा, जुन्या वकीलपत्रांवरची दुसरी सही बघा. अडचण वेगळीच आहे. आपला बार, म्हणजे इथल्या वकिलांचं वर्तुळ, लहान आहे. इथे कुणी कुणाचा मावसभाऊ असतो, आणि उद्या त्याच साहेबांसमोर उभं राहायचं असतं. "साहेब कसे आहेत?" विचारलंत तर शंभरातले नव्व्याण्णव जण म्हणतील, "चांगले आहेत, शिकायला मिळतं." हा प्रश्न वायाच जातो. मत विचारू नका, घडलेलं विचारा.

"तुम्ही पहिला उलटतपास किती दिवसांनी घेतला?" दोन वर्षांत एकही नाही असं उत्तर आलं तर तिथे शिकायला काय मिळत होतं, हा प्रश्न उरतोच. "दाव्याचा मसुदा तुम्ही केलात तर साहेब दुरुस्त करून परत द्यायचे, की स्वतःच बदलून पाठवायचे?" लाल शाईने भरून परत आलेला मसुदा हीच आपल्या धंद्यातली शिकवणी. "घरी आजारपण होतं तेव्हा सुट्टी मागितलीत, काय झालं?" "स्वतःचा पक्षकार आणलात तर फी कुणी घेतली?" आणि शेवटी, "सोडताना काय बोलणं झालं?" या शेवटच्या प्रश्नावर समोरचा जितका वेळ गप्प राहतो, ते गप्प राहणंही ऐका. माझ्या एका विद्यार्थिनीसाठी मी एकदा एका माजी ज्युनियरला असंच विचारत होते. चार प्रश्नांना त्याने चारदा "कामाची सवय लागते, मॅडम" एवढंच उत्तर दिलं. ती तिथे गेली नाही. निदान तिघांशी बोला, कारण एकाचा राग खाजगी असू शकतो. तिघांच्या बोलण्यात तोच प्रसंग वेगवेगळ्या तपशिलांनी आला तर तो खरा माना.

हे मी इतकं बारकाईने सांगते त्यामागे माझा अनुभव आहे. मला पहिलं ऑफिस मिळालं तेव्हा घरी पेढे वाटले होते. मोठं नाव, भरपूर काम. माझ्या आधी दोन वर्षांत तीन ज्युनियर तिथून गेले होते हे मला कळलं होतं, आणि मी त्याचा अर्थ 'आपल्यासाठी जागा झाली' असा लावला. आठव्या महिन्यात एका जमिनीच्या दाव्याचा निकाल आमच्या पक्षकाराविरुद्ध गेला. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा जाता. मी डायरीत तारीख लिहिली, दोनदा आठवण केली, फाइल टेबलावर ठेवली. ती तशीच राहिली. मुदत टळली तेव्हा पक्षकार आणि त्याचा मुलगा समोर बसलेले असताना साहेब म्हणाले, "या मुलीने तारीख चुकवली." विलंब माफीच्या अर्जात 'ज्युनियर वकिलांच्या नजरचुकीने' असं लिहिलं गेलं. आणि तो अर्ज मीच टाइप केला.

विलंब माफ झाला. पण त्या गावातून पुढे दहा वर्षं माझ्याकडे एकही पक्षकार आला नाही. आधीच्या तिघांपैकी एकालाही मी भेटले असते तर मला हे कळलं असतं, कारण नंतर बोलणं झालं तेव्हा तिघांनी मिळताजुळता प्रसंग सांगितला. तेव्हा भेटायला जाल तिथे पहिला प्रश्न मनात हाच असू द्या: ही जागा रिकामी का आहे? कामं वाढली म्हणून, कुणी स्वतःचं ऑफिस थाटलं म्हणून, कुणी न्यायाधीश झालं म्हणून? ही सगळी चांगली कारणं. कारण सांगताना समोरच्याने गेलेल्यांनाच नावं ठेवली, "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत" असं सुरू झालं, तर सावध व्हा.

तुम्हाला जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाची, परीक्षा द्यायची आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे वेगळं सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. त्यासाठी प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं, आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन (दुजोऱ्याची सही). म्हणजे सीनियरच्या हातात आता तुमच्या पुढच्या आयुष्याचा एक कागद आला. तो कागद देताना कुणाला अडवलं, रखडवलं, "आणखी सहा महिने थांब मग देतो" म्हटलं, असं काही घडलंय का हे माजी ज्युनियरांना आवर्जून विचारा. आणि कुठेही गेलात तरी वकीलपत्रावर तुमचं नाव आणि सही असेल याचा आग्रह धरा.

भेटीत पैशांबद्दल बोलायला लाजू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात किमान १५ हजार रुपये महिना द्यावेत, अशी शिफारस केली आहे. ती शिफारसच आहे, बंधन नाही, आणि आपल्याकडे अनेक ज्युनियरांना पेट्रोलापुरतेच पैसे मिळतात हे मी रोज बघते. तरी आकडा ठाऊक असलेला माणूस वेगळ्या सुरात बोलतो. "परिपत्रकात पंधरा आहेत, आपण दहापासून सुरू करून सहा महिन्यांनी बघू या का?" असं विचारल्यावर समोरचा हसून हिशेब मांडतो, की "पैशासाठी येणार असशील तर येऊ नकोस" म्हणतो, यातून त्याचं ऑफिस समजतं. दुसरा-चौथा शनिवार, मे महिन्याची सुट्टी, संध्याकाळची वेळ, हे सगळं तेव्हाच विचारून घ्या.

बाई म्हणून जे विचारायचं ते संकोच न करता विचारा. ऑफिसात स्वच्छतागृह आहे का? उशीर झाला तर घरी पोहोचवायची काय सोय? या ऑफिसात आजवर किती मुली होत्या आणि त्या किती काळ टिकल्या? एकही मुलगी वर्षभर टिकली नसेल तर कारण कळेपर्यंत होकार देऊ नका, बाकी सगळं कितीही चांगलं दिसो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पुण्याच्या फर्मला विचारा, समितीवर कोण आहेत, कोल्हापूरच्या ऑफिसलाही ती लागू आहे का. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तीन महिन्यांच्या आत करायची असते. हा प्रश्न विचारल्यावर कुणाला राग आला तर तो राग तुम्हाला आधीच दिसला, हे बरंच झालं.

कोल्हापूरच्या ऑफिसबद्दल एक सावधगिरी. नव्या शाखेला इतिहास नसतो. पुण्यातल्या मुख्य ऑफिसचं नाव कितीही चांगलं असलं तरी तुम्हाला रोज सामना करायचा आहे तो कोल्हापुरात बसणाऱ्या भागीदाराशी. तो कोण हे आधी विचारा, ठरलं नसेल तर ठरेपर्यंत थांबा. ठरलं असेल तर पुण्यात त्याच्या हाताखाली काम केलेल्या दोघांना गाठा. साताऱ्याहून कोल्हापूर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन रोज जमणार नाही. खोलीभाडं, खानावळ आणि शनिवारचा प्रवास धरला की पंचवीसातले किती उरतात ते मांडून बघा, मग दहा आणि पंचवीसमधला फरक दिसतो त्यापेक्षा लहान होतो.

दोन्हीकडे एक आठवडा नुसतं बसायची परवानगी मागा. "साहेब, आठवडाभर येऊन बघू का?" यात कमीपणा काही नाही. मी स्वतः ज्युनियर घेण्याआधी आठवडाभर बसवून घेते.

माझं मत विचारलंत तर: साताऱ्यातल्या त्या वकीलसाहेबांचे निदान दोन जुने ज्युनियर आज स्वतःच्या नावाने उभे असतील, आणि बार रूममध्ये साहेब आले की ते उठून बोलायला जात असतील, तर दहा हजारांत तिथे जा. दीड वर्षाच्या वकिलाला दावा मुळापासून चालवायला शिकवणारं ऑफिस पैशांपेक्षा मोलाचं आहे, आणि उच्च न्यायालय आता कोल्हापूरपर्यंत आल्याने तिथली वाट तुम्हाला पुढेही मोकळी आहे. तसे ज्युनियर सापडले नाहीत तर फर्मकडे जा, पण महिन्याची रक्कम, ती कोणत्या तारखेला मिळणार, सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि स्वतःची प्रकरणं घेता येतील का, या चार गोष्टी पत्रावर आल्यानंतरच.

निर्णय झाला की कोरेगावच्या तुमच्या सध्याच्या सीनियरना त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगा. सकाळी ठरलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत बारमध्ये पोहोचते, आणि ती त्यांना दुसऱ्याकडून कळू नये. तुमच्याकडच्या प्रत्येक फाइलची पुढची तारीख, कोर्ट आणि त्या दिवशीचं काम लिहून यादी त्यांच्या हातात द्या आणि एका प्रतीवर त्यांची सही घ्या. माझ्या पहिल्या ऑफिसातून निघताना माझ्याकडे अशी यादी नव्हती.